एएमटी झटके देते, म्हणजे गिअरबॉक्स गेला का?

गळीत हंगामात श्रीरामपूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे रेंगाळताना एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाडी झटके देऊ लागली आणि वॉरंटी संपलेली असली, की मालक धास्तावतो: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला! बहुतेकदा तसे नसते.

भारतात 2014 साली मारुती सेलेरिओबरोबर रुळलेल्या एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीचेच असतात. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे हे काम ॲक्च्युएटर (संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा) करतो. गाडी तीच, पगारी ड्रायव्हर ठेवला, असे समजा. ड्रायव्हर आजारी पडला म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नाही.

आधी स्कॅनरवर फॉल्ट कोड (बिघाडाचा सांकेतिक क्रमांक) पाहून घ्यावा. नंतर ॲक्च्युएटरच्या तेलाची पातळी आणि क्लच प्लेटची झीज तपासावी. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, की ही प्लेट लवकर झिजते. नवी प्लेट बसवल्यावर संगणकाला तिची ओळख करून द्यावी लागते. ते राहिले, तर नव्या क्लचवरही झटके येतात. एस्टिमेट लेखी घ्यावे, त्यात क्लच, ॲक्च्युएटर आणि गिअरबॉक्स यांचे आकडे वेगवेगळे मागावेत आणि काढलेली प्लेट स्वतः पाहावी.

सीव्हीटी (दातेरी गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स) मात्र वेगळा. त्याला हे लागू नाही.