दाराची मूठ फिरते तेव्हा

'द वॉकिंग डेड' या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग 'डेज गॉन बाय' ३१ ऑक्टोबर २०१० रोजी, हॅलोविनच्या रात्री, एएमसी वाहिनीवर दाखवला गेला. सवा तासाच्या आसपास चालणाऱ्या या भागाला पहिल्याच प्रसारणात ५३ लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले, आणि केबलवरच्या एका मध्यम वाहिनीसाठी हा आकडा मोठाच होता. मालिका पुढे ११ सीझन आणि १७७ भाग चालली व नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. मधल्या काळात तिचे लेखक, दिग्दर्शक, नट सगळे बदलत गेले. पहिल्या भागाची सर मात्र नंतरच्या फार थोड्या भागांना आली.

मूळ कथा रॉबर्ट कर्कमन यांच्या कृष्णधवल कॉमिकची. त्याचा पहिला अंक २००३ मध्ये निघाला होता आणि त्याची चित्रे टोनी मूर यांची होती. ही कथा पडद्यावर आणली फ्रँक डॅराबॉन्ट यांनी. 'द शॉशँक रिडेम्प्शन' आणि 'द ग्रीन माइल' हे चित्रपट करणारा दिग्दर्शक झॉम्बींच्या वाटेला का जावा, असे तेव्हा पुष्कळांना वाटले असेल. या भागाचे लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही त्यांचेच आहे.

चालत्या मुडद्यांच्या कथांचे आज सर्वांना पाठ असलेले नियम जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटातून आले. मेलेले उठतात, जिवंतांना खातात आणि मेंदूवर घाव बसल्याखेरीज पडत नाहीत. त्याआधीचा हैतीच्या लोककथांमधला झॉम्बी कुणाला खात नसे. तो मांत्रिकाच्या ताब्यातला, राबवून घेतला जाणारा गुलाम होता. रोमेरोंनंतर हा प्रकार जगभर पसरला आणि २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'तून थेट डोंबिवलीतही शिरला. अशा कथांमध्ये मुडदा बहुधा निव्वळ शत्रू असतो. तो दिसला की झाडा गोळी आणि पुढे चला. 'डेज गॉन बाय' वेगळा ठरतो तो इथेच. यातला प्रत्येक मुडदा आधी कुणाचा तरी माणूस आहे आणि हे विसरण्याची सोय डॅराबॉन्ट प्रेक्षकाला देत नाहीत.

सुरुवातीच्या प्रसंगातच हे कळते. रिक ग्राइम्स हा पोलीस अधिकारी पेट्रोलचा रिकामा कॅन घेऊन बंद पडलेल्या गाड्यांमधून चालला आहे. एका गाडीखालून त्याला सशाच्या सपाता घातलेली इवली पावले दिसतात. पावले थांबतात, एक हात जमिनीवर पडलेले अस्वलाचे खेळणे उचलतो. रिक हाक मारतो, मुलगी वळते, तर तिचा अर्धा गाल फाटलेला आणि आतून दातांच्या तारा दिसत असतात. ती धावून येते आणि रिक तिला गोळी घालतो. शीर्षके यानंतर येतात. लहान मुलीला गोळी लागताना दाखवणे हा टीव्हीवर मोठा जुगार होता. पण पुढच्या तासाभरात काय पाहायचे आहे, हे प्रेक्षकाला इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशाने सांगता आले नसते.

त्यानंतर कथा मागे जाते. जॉर्जियातल्या एका लहान काउंटीत गुन्हेगारांशी चकमक होते, रिकला गोळी लागते आणि तो कोमात जातो. जाग येते तेव्हा उशाशी सुकलेली फुले आहेत, घड्याळ बंद आहे आणि रुग्णालयात जिवंत माणूस नाही. कोमातून उठून ओसाड जगात पाऊल टाकणारा नायक डॅनी बॉइल यांच्या '२८ डेज लेटर'मध्येही होता, त्यामुळे या कल्पनेत नवीन काही नाही. शिवाय सलाइन बदलायला कुणी नसताना माणूस इतके दिवस कसा जगला, याचे उत्तर मालिकेकडे नाही. हा प्रश्न मनात येऊ नये म्हणून की काय, डॅराबॉन्ट हा सगळा भाग अतिशय संथ ठेवतात. संवाद जवळपास नाहीत, पार्श्वसंगीतही फार थोडे. अंधाऱ्या जिन्यात रिक एकेक काडी ओढत उतरतो. बाहेर उन्हात चादरीत गुंडाळलेल्या प्रेतांच्या रांगा लागलेल्या असतात. काय घडले ते कुणी सांगत नाही. जे दिसेल त्यावरून रिकने आणि प्रेक्षकाने जुळवून घ्यायचे.

रुग्णालयापासून थोड्या अंतरावर त्याला एक सायकल सापडते. शेजारी गवतात कमरेखालचे शरीर नसलेली एक बाई पडलेली असते. ती मान वळवते, तोंड उघडते, हाताने सरपटत त्याच्याकडे येऊ लागते. या एका पात्राच्या रंगभूषेवर ग्रेग निकोटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपार मेहनत घेतली. अभिनेत्रीचे पाय नंतर संगणकावर पुसून टाकले. निकोटेरो तरुणपणी खुद्द रोमेरोंच्या 'डे ऑफ द डेड'वर काम केलेले, म्हणजे विद्या थेट घराण्यातून आलेली. या भागाच्या रंगभूषेला २०११ चा एमी पुरस्कार मिळाला.

रिक घरी पोचतो. पत्नी लॉरी आणि मुलगा कार्ल तिथे नाहीत. दारात सुन्न बसलेला असताना ड्वेन नावाचा पोरगा त्याला मुडदा समजून डोक्यात फावडे घालतो. ड्वेनचे वडील मॉर्गन जोन्स त्याला शेजारच्या घरात नेतात, खाटेला बांधतात आणि चावा लागला आहे का, ताप आहे का, याची कसून चौकशी करतात. नव्या जगाची सगळी माहिती प्रेक्षकाला या चौकशीतून मिळते. लेनी जेम्स आणि अँड्र्यू लिंकन या दोन इंग्रज नटांनी अमेरिकेच्या दक्षिणेतली ही दोन माणसे अशी उभी केली आहेत की त्यांच्या मूळ बोलीचा संशयही येत नाही.

त्या रात्री बाहेर एका गाडीचा भोंगा वाजतो आणि आवाजामागे मुडदे गोळा होतात. खिडकीतून बघणारा ड्वेन एकदम उशीत तोंड खुपसून रडू लागतो. त्या गर्दीत त्याची आई आहे. जेनी तापाने याच घरात वारली होती. नवऱ्याला तिच्या डोक्यात गोळी घालवली नाही, ती उठली आणि निघून गेली. आता ती रात्रीच्या झग्यात पायऱ्या चढून दाराशी येते आणि मूठ हळूहळू फिरवते. आत रिक दाराच्या भिंगातून तिच्याकडे बघत उभा असतो. दार उघडत नाही, कुणी किंचाळतही नाही. तरी भागातला सर्वांत भयंकर क्षण हाच आहे, कारण दाराबाहेर उभी असलेली बाई घरचीच आहे.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तिघेही गरम पाण्याने अंघोळ करतात. एरवी किरकोळ वाटणारा हा प्रसंग इथे सणासारखा होतो. घरातले फोटो अल्बम गेले आहेत, त्या अर्थी बायको-मुलगा जिवंत निघून गेले, असे रिक म्हणतो. चोर काही अल्बम नेणार नाही. मॉर्गनला हसू येते आणि डोळेही भरतात. पळून जाताना तो जगण्याचे सामान बांधत होता, तेव्हा जेनीही अल्बमच गोळा करत होती.

मग तिघांची फाटाफूट होते आणि डॅराबॉन्ट दोन प्रसंग एकमेकांत विणतात. मॉर्गन मुलाला खाली ठेवून माडीवर जातो आणि रिकने दिलेल्या बंदुकीने रस्त्यावरचे मुडदे टिपू लागतो. आवाजाने जेनी येईल आणि राहिलेले काम आज उरकता येईल, असा त्याचा हिशेब असतो. जेनी येतेही. दुर्बिणीत तिचा चेहरा भरतो, बोट चापावर असते. तिकडे रिक गवतात सरपटणाऱ्या त्या अर्ध्या बाईला शोधत परत गेलेला आहे. ओळख ना पाळख, तरी तो तिच्याजवळ बसतो, तुझ्या वाट्याला हे आले याचे वाईट वाटते एवढे म्हणतो आणि गोळी घालतो. परक्या बाईची सुटका त्याच्या हातून होते. स्वतःच्या बायकोची मॉर्गनच्या हातून होत नाही. बंदूक खाली येते, तो कोसळून रडतो. अंत्यसंस्कार राहून गेलेल्या माणसाचे दुःख टीव्हीच्या भयकथेत इतके नेमके क्वचितच आले असेल.

उरलेला भाग वेगाने जातो. पेट्रोल संपते, रिकला एक घोडा मिळतो आणि तो अटलांटात शिरतो. शहरातून बाहेर जाणाऱ्या मार्गिका बंद पडलेल्या गाड्यांनी गच्च, आत जाणाऱ्या मार्गिकेत एकटा घोडेस्वार, हे दृश्य पुढे मालिकेच्या जाहिरातीचे चित्र झाले. शहरात मुडद्यांचा लोंढा घोड्याला फाडून खातो आणि रिक रणगाड्यात अडकतो. तेवढ्यात रेडिओवर एक तरुण त्याला मूर्ख म्हणून हाक मारतो आणि आत बरे वाटते आहे का, असे विचारतो. त्याआधी शहराबाहेरच्या छावणीत लॉरी, कार्ल आणि रिकचा मित्र शेन दिसून गेलेले असतात. लॉरी आणि शेन यांचे संबंध तिथेच उघड होतात. हा धागा भागातला सर्वांत कमकुवत. मॉर्गनच्या घरानंतर तो ठरावीक कौटुंबिक मालिकेसारखा वाटतो.

आणखी एक विसंगती प्रेक्षकांच्या नजरेतून सुटली नाही. या भागातले मुडदे खेळणे उचलतात, मूठ फिरवतात. पुढच्या सीझनमधले मुडदे त्यामानाने फारच मठ्ठ. अखेरच्या सीझनमध्ये भिंत चढणारे, दार उघडणारे वेगळे मुडदे आणून ही जुनी गोष्ट कशीबशी सावरून घेतली गेली. तोवर डॅराबॉन्ट जाऊनही वर्षे लोटली होती. २०११ मध्ये, दुसऱ्या सीझनच्या कामादरम्यान, वाहिनीने त्यांना दूर केले. नफ्याच्या वाट्यावरून न्यायालयात गेलेला तंटा २०२१ मध्ये २० कोटी डॉलरवर मिटला.

मॉर्गनने न झाडलेल्या गोळीचा हिशेब मालिकेने तिसऱ्या सीझनपर्यंत राखून ठेवला. मार्च २०१३ मधल्या 'क्लिअर' या भागात रिकला तो भ्रमिष्ट अवस्थेत पुन्हा भेटतो. एकदा जेनी समोर आली, ड्वेनने बंदूक रोखली, पण त्यालाही आईवर गोळी झाडवली नाही आणि तिने त्याला चावले, असे तो सांगतो. हा भाग लिहिणारे स्कॉट गिंपल पुढच्या सीझनपासून मालिकेचे सूत्रधार झाले आणि काही वर्षांनी मॉर्गनही मुख्य पात्रांत परतला.