सुवार्ता एकत्र का सांगितली जात नाही? वऱ्हाडातील प्रॉटेस्टंट आक्षेपांचा विचार

आजच्या विषयाचं नाव जरा जड झालं आहे, पण त्यामागचा प्रश्न साधा आहे. अमरावती आणि अकोला या दोन शहरांत ख्रिस्ती समाज मूठभर. त्यातही दोन घरं, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट. नाताळात एकमेकांकडे फराळाची ताटं जातात, कुणाची मयत झाली तर दोन्हीकडची माणसं उभी राहतात, आणि होली क्रॉसच्या शाळेत कुणाचं मूल कोणत्या चर्चचं हे बाकावर कळत नाही. मात्र गावात सुवार्ता सांगायला जायचं ठरलं की फादर वेगळे जातात आणि पाळकसाहेब वेगळे. आमचे ख्रिस्तेतर मित्र विचारतात, 'सर, येशू तर एकच ना? मग ही भानगड काय?'

याची दोन तयार उत्तरं आहेत. एक म्हणजे कट्टरपणा. दुसरं म्हणजे युरोपातलं जुनं भांडण इथं आयात झालं आहे. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण ज्या प्रॉटेस्टंट माणसाचा आक्षेप आहे त्याला ही उत्तरं दिली तर तो म्हणेल, 'माझं म्हणणं तुम्ही ऐकूनच घेतलं नाही.' आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या धंद्याचा पहिला नियम असा, की विरोधी मत खोडण्याआधी ते त्या माणसापेक्षाही चांगलं मांडून दाखवावं. आज तेवढंच करायचं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण वऱ्हाडात हा प्रश्न पुस्तकातून आलेला नाही. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ साली अमेरिकेत उभी केलेली अलायन्स ही मिशन लवकरच वऱ्हाडात आली आणि अकोला हे तिचं मुख्य ठाणं झालं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत तिनं अकोला आणि खामगावला अनाथ मुलं सांभाळली. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशीम-बुलढाण्याकडे पुढे नाझरीन. प्रॉटेस्टंट मिशनांमध्ये त्या काळी क्षेत्रवाटणीचा एक समजुतीचा करार असे: हा तालुका तुमचा, तो आमचा, एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही. कॅथलिक चर्च या वाटणीत कुठेच नव्हतं. आपण विश्वव्यापी चर्च आहोत असं मानणारी संस्था 'अमुक जिल्हा आमचा नाही' असं कागदावर कशी मान्य करील? त्यामुळे फादर एखाद्या गावात आले की प्रॉटेस्टंटांना ती घुसखोरी वाटे. ज्यांनी वाटणीवर सहीच केली नव्हती त्यांना घुसखोर म्हणणं कितपत न्याय्य, हा प्रश्न आहेच. पण गावातल्या जुन्या कुटुंबांच्या मनात ती भावना रुजली, हे खरं.

यात एक गंमत आहे. वऱ्हाड १९५५ पर्यंत नागपूर धर्मप्रांताचा भाग होता, त्या साली अमरावती स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नागपूरचं हे मिशन ज्या संघानं चालवलं तो संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा. हे फ्रान्सिस (१५६७-१६२२) म्हणजे जिनिव्हाचे बिशप, आणि त्यांची मोठी ख्याती कशासाठी? शाब्ले नावाच्या प्रदेशातल्या कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंटांना गोड बोलून, पत्रकं दाराखाली सरकवून परत कॅथलिक केलं यासाठी. म्हणजे वऱ्हाडात आले ते पाद्रीच मुळी या कामाच्या पुण्याईवर. अलायन्सच्या जुन्या उपदेशकांना हा तपशील ठाऊक होता की नाही कोण जाणे.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. सुवार्ता म्हणजे बातमी. बातमीत एक विधान असतं. प्रॉटेस्टंट म्हणतो, आमच्या बातमीचा गाभा एका प्रश्नाच्या उत्तरात आहे: पापी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो? आता 'ठरतो' या क्रियापदाकडे नीट पाहा. सगळा वाद तिथंच आहे.

समजा, अकोल्याच्या कोर्टात एका माणसावर खटला चालू आहे. न्यायाधीश निकाल देतात: निर्दोष. त्या क्षणी त्या माणसाच्या स्वभावात काही बदल झाला का? नाही. त्याचं कायद्यापुढचं स्थान बदललं. लूथरच्या परंपरेत नीतिमान ठरणं हे असं आहे. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व पाप्याच्या खात्यावर मांडलं जातं, ते केवळ विश्वासानं मिळतं, आणि चांगली कामं त्याचं फळ म्हणून मागाहून येतात. दुसरं चित्र दवाखान्याचं. डॉक्टर रोग्याला नुसतं 'तू बरा आहेस' म्हणत नाहीत, बरा करतात, आणि त्याला दिवस लागतात. कॅथलिक शिकवण या दोन्हींना एकत्र धरते. सुरुवात देवाच्या कृपेनंच होते, माणसाच्या पुण्याईनं नव्हे. कॅथलिक 'कर्मानं तारण' शिकवतात हा आरोप चुकीचा आहे, आणि तो अजून व्यासपीठांवरून होतो हे आम्हाला खटकतं. पण त्या कृपेनं माणूस आतून नीतिमान केला जातो. बाप्तिस्म्यात ते सुरू होतं, वाढतं, गंभीर पापानं हरवू शकतं, आणि पापनिवेदनाच्या संस्कारात परत मिळतं.

ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ साली या विषयावर आदेश काढला आणि 'केवळ विश्वासानं' ही शिकवण एका विशिष्ट अर्थानं मांडणाऱ्याला शापित ठरवलं. आक्षेप घेणारा प्रॉटेस्टंट इथंच बोट ठेवतो. तो म्हणतो, 'दोघं मिळून विहीर खोदू, दवाखाना चालवू, रक्तदान करू. त्यासाठी एकमत लागत नाही, हात लागतात. पण दोघांनी मिळून एक विधान करायचं तर त्या विधानाचा अर्थ दोघांच्या मनात एक हवा. नाहीतर आम्ही एकाच तोंडानं दोन बातम्या सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते कळूही देत नाही.' आम्हाला हा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीनं पक्का वाटतो. सहकार्य कृतीतलं असतं तसं बोलण्यातलंही असतं, आणि त्यांच्या अटी वेगळ्या आहेत.

मराठीत तर हा घोळ शब्दाशब्दाला आहे. लूथरच्या १५१७ च्या पंचाण्णव कलमांतलं पहिलंच कलम पश्चात्तापाविषयी आहे. लॅटिन बायबलातल्या शब्दप्रयोगातून 'प्रायश्चित्त घ्या' असा अर्थ निघे. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्याकडे. तोच तिढा आपल्याकडे जसाच्या तसा उतरला. प्रॉटेस्टंट 'पश्चात्ताप' म्हणतात. कॅथलिकांकडे 'प्रायश्चित्त' हा शब्द संस्काराशी जोडून येतो. आणि वऱ्हाडातल्या खेड्यात 'प्रायश्चित्त' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? पंचगव्य, दक्षिणा, जातीत परत घेणं. कॅथलिक उपदेशकाला हे अभिप्रेत नसतं, पण शब्द आपला इतिहास सोबत घेऊन येतो. प्रॉटेस्टंटांची भीती अशी, की कृपेची बातमी सांगायला जावं आणि ऐकणाऱ्यानं नवा विधी ऐकून घरी जावं.

मरियेचा आक्षेपही याच जातीचा. कॅथलिक धर्मशास्त्र वंदन आणि आराधना यांत काटेकोर भेद करतं: मरियेला आणि संतांना वंदन, आराधना फक्त देवाची. भेद खरा आहे. पण ज्या मुलखात माहूर आणि अमरावतीच्या अंबादेवीला पिढ्यान्‌पिढ्या नवस बोलले गेले, तिथं पुतळ्यासमोर मेणबत्ती लावणाऱ्या नव्या माणसाच्या मनात तो भेद टिकेल का? हा प्रश्न आम्हाला धर्मशास्त्रापेक्षा समाजशास्त्राचा वाटतो, आणि तो प्रॉटेस्टंटांनाही विचारता येतो. त्यांच्या सभांमध्ये तेल लावून आजार बरे करून घ्यायला येणाऱ्यांच्या मनात काय असतं?

अधिकाराचा मुद्दा थोडक्यात सांगतो. शेवटचा शब्द कुणाचा, शास्त्राचा की शास्त्राचा अर्थ लावणाऱ्या चर्चचा? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात अँग्लिकन पद्धतीनं बाप्तिस्मा घेतला, आणि तरी आपल्या सदसद्विवेकावर चर्चची सत्ता मानायला नकार देत तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातला. त्या सिस्टर कॅथलिक नव्हत्या. तेव्हा हा वाद प्रॉटेस्टंटांच्या अंगणातही आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

सगळ्यांत व्यावहारिक आक्षेप आम्ही मुद्दाम मागं ठेवला. धरा, संयुक्त सभा झाली. एका शेतमजुराच्या मनावर परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी तो विचारतो, 'आता मी कुठं जाऊ?' मिस्सेला की मंडळीत? अमेरिकेत बिली ग्रॅहम यांच्यासमोर हाच प्रश्न उभा राहिला. १९५७ च्या न्यूयॉर्कच्या सभांपासून कर्मठ प्रॉटेस्टंट त्यांच्यापासून फुटले, कारण त्यांनी सर्व प्रकारच्या चर्चेसचं सहकार्य घेतलं. पुढे कॅथलिकांकडून आलेली माणसं कॅथलिक चर्चकडेच परत पाठवण्यावरूनही टीका झाली. आणि बाप्तिस्म्याचं काय? पाण्यानं, त्रैक्याच्या नावानं झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं, पुन्हा देत नाही. उलट बुडवून, प्रौढपणी बाप्तिस्मा देणाऱ्या कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्या कॅथलिक माणसाला पुन्हा पाण्यात उतरवतात. एका बाजूची ही मोकळीक आणि दुसऱ्या बाजूची ती अट, यात दुखावला जातो तो कॅथलिकच. प्रॉटेस्टंट मित्रांनी हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

आता दुसऱ्या बाजूचं बळ पाहू. १९१० ची एडिंबरोची मिशन परिषद प्रॉटेस्टंटांची होती, कॅथलिक तिथं नव्हते. पण ऐक्याची चळवळ जन्मली ती सुवार्ताकार्याच्या गरजेतून. आपसांत फुटलेल्यांचं कोण ऐकेल, हा तो प्रश्न. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातली येशूची प्रार्थना ही मंडळी पुढे करतात: जगानं विश्वास ठेवावा म्हणून शिष्य एक असावेत. आपल्या शेजारीच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चेस मिळून उत्तर भारतीय चर्च झालं. अलायन्स, नाझरीन, फ्री मेथडिस्ट त्यात गेले नाहीत. यवतमाळला १९५३ साली उभं राहिलेलं युनियन बिब्लिकल सेमिनरी, जे १९८३ मध्ये पुण्याला गेलं, ते या ऐक्याला साशंक असणाऱ्या सुवार्तिक मंडळ्यांचं घर. नावात 'युनियन' आहे, पण ती एकी शिकवणीच्या मर्यादेतली.

कॅथलिकांकडून दार १९६४ साली उघडलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ऐक्यविषयक आदेशानं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथं लूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: घोषणेत मांडलेल्या लूथरन शिकवणीला ट्रेंटचे शाप लागू होत नाहीत. २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात आली. आमच्या मते आक्षेप घेणाऱ्या वऱ्हाडी प्रॉटेस्टंटासाठी सर्वांत अवघड कागद हाच. कारण फ्री मेथडिस्ट आणि नाझरीन दोन्ही जॉन वेस्लीच्या घराण्यातले. वेस्लीचा पंथ निकालाबरोबर दवाखानाही मानतो. पवित्रीकरण हा तर त्याचा प्राण. केवळ दवाखाना मानतात म्हणून कॅथलिकांशी बोलणं खुंटलं असेल, तर कॅल्व्हिनच्या पूर्वनियोजनाला नकार देणारे वेस्लीपंथी आणि ते मानणारे प्रॉटेस्टंट एका व्यासपीठावर कसे बसतात? तारण कुणाला आणि कसं, यावरच त्यांचाही मतभेद आहे. मग रेघ नेमकी इथंच का ओढली? यावर उत्तर येतं की संयुक्त घोषणेनं मतभेद मिटवला नाही, शब्दांत झाकला. काही लूथरन धर्मशास्त्रज्ञांनीही तसंच म्हटलं. १९९४ मध्ये अमेरिकेत काही सुवार्तिकांनी कॅथलिकांसोबत सहकार्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा आर. सी. स्प्राउल यांनी हीच हरकत घेतली, आणि त्यांचे जुने सहकारी जे. आय. पॅकर यांची मात्र त्यावर सही होती. दोघेही कॅल्व्हिनपंथी. म्हणजे एकाच शिकवणीतून दोन निष्कर्ष निघू शकतात.

आता आपल्या वऱ्हाडी श्रोत्याच्या मनातला प्रश्न. इथं गुलाबराव महाराजांनी समन्वयाचं तत्त्वज्ञान मांडलं, तुकडोजी महाराजांनी मोझरीला सर्वांना एका प्रार्थनेत बसवलं. त्या मातीत हे दोघं एकत्र का बसू शकत नाहीत? प्रार्थनेला बसू शकतात, बसतातही. जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह असतो. पण समन्वय म्हणतो की वाटा अनेक. सुवार्ता सांगणारे हे दोघंही तसं म्हणत नाहीत. समन्वयाची फूटपट्टी लावून त्यांना मोजणं म्हणजे त्यांचं म्हणणं आधीच खोटं धरणं.

बाहेरचा समाज मात्र त्यांना एकाच टोपलीत टाकतो. वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात होता तेव्हा १९५४ साली न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली. १९५६ च्या तिच्या अहवालात दोन्ही घरांच्या मिशनऱ्यांवर ठपका होता. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले स्टॅनिस्लॉस हे कॅथलिक फादर. पण 'प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही' हा त्या निकालाचा अर्थ प्रॉटेस्टंट पाळकालाही तितकाच लागू. या दबावाखाली दोघं एकत्र निवेदनं देतात. आक्षेप घेणारा म्हणतो, ती ढाल एकत्र धरणं झालं, बातमी एक झाली नाही. बरोबर आहे. पण ज्याच्यावर वेळ येते त्याला ढाल धरणारा हात कुणाचा हे आठवतं, आणि त्यानंतर शेजारच्या फादरांना 'ख्रिस्ती नाहीतच' म्हणणं त्याला जड जातं.

१९८९ चा सुवार्तिकांचा मनिला जाहीरनामा या बाबतीत आम्हाला सर्वांत समंजस वाटतो. बायबलचं भाषांतर, नैतिक प्रश्नांचा अभ्यास, समाजकार्य यांत कॅथलिकांशी सहकार्य शक्य आहे. संयुक्त सुवार्ताकार्याला मात्र सुवार्तेविषयी समान निष्ठा लागते, असं तो सांगतो. मराठीत यातला पहिला भाग घडलाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' प्रॉटेस्टंट वाचकांच्याही घरात गेलं, आणि ना. वा. टिळक तर प्रॉटेस्टंट, तरी त्यांना परका मानणारा मराठी कॅथलिक आम्हाला भेटलेला नाही. अडचण येते ती सीमारेषेवर. दवाखाना दोघांनी मिळून चालवायला हरकत नाही असं म्हटलं. रात्री अकराला खाटेवरचा रोगी नर्सला विचारतो, 'बाई, तुम्ही हे कुणासाठी करता?' तिनं दिलेलं उत्तर समाजकार्यात मोडतं की सुवार्ताकार्यात, हे मनिलाचा कागद सांगत नाही. तिच्या शेजारी उभी असलेली दुसऱ्या चर्चची नर्स त्या उत्तराला मान डोलावील की नाही, यावर आता तुमच्या प्रश्नांतून बोलू.