अरुंद रस्ता, समोर गाडी : आधी कोण जाणार?

बियाणे, खते आणि फवारणी यांवर लिहिणाऱ्याने आज रस्त्यावरच्या पाट्यांचा विषय का काढला, असे तुम्हाला वाटेल. पण माल शेतात पिकतो आणि रस्त्याने बाजारात जातो. ऊस कारखान्याला, कांदा मार्केटला, दूध डेअरीला आणि पोरे शाळेला, सगळे त्याच एका डांबरी पट्टीवरून. ती पट्टी किती रुंद असते? आपल्या बहुतेक गावरस्त्यांची डांबरी रुंदी ३.७५ मीटर असते, काही ठिकाणी तर ३ मीटरच. एसटीसारख्या मोठ्या गाडीला कायद्याने २.६ मीटरपर्यंत रुंदी चालते. म्हणजे दोन मोठ्या गाड्या डांबरावर एकाच वेळी मावतच नाहीत. एकाला थांबावेच लागते. भांडण, आणि पुष्कळदा अपघात, होतो तो ‘कोणी थांबायचे’ यावरून.

याची उत्तरे पाट्यांवर असतात, पण आपण पाटी वाचत नाही. वाचायला अक्षरओळख लागते असेही नाही. पाटीचा आकारच बोलतो. गोल पाटी हुकूम करते. टोक वर असलेला त्रिकोण सावध करतो. निळी चौकोनी पाटी माहिती देते. या सगळ्यांत दोन पाट्यांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. अष्टकोनी लाल पाटी म्हणजे ‘थांबा’, आणि टोक खाली असलेला, लाल काठाचा पांढरा त्रिकोण म्हणजे ‘समोरच्याला वाट द्या’. हे आकार दुसऱ्या कुठल्याही पाटीला नाहीत. त्यामुळे चिखल उडालेला असो, कोणाच्या वाढदिवसाचा कागद चिकटवलेला असो, त्या ओळखू येतात. मागच्या बाजूनेही ओळखू येतात, म्हणजे समोरच्याला थांबायला सांगितले आहे हे तुम्हालाही कळते. मात्र तो थांबेलच असे धरून चालू नका.

‘थांबा’ आणि ‘वाट द्या’ यांत फरक आहे. अष्टकोनी पाटीपाशी रस्ता मोकळा दिसला तरी चाक पूर्ण थांबले पाहिजे. उलट्या त्रिकोणापाशी वेग कमी करायचा, दोन्हीकडे पाहायचे, आणि कोणी येत असेल तर थांबायचे.

आता अरुंद पुलाचे पाहू. दोन रेघा मध्ये एकमेकींजवळ येऊन पुन्हा फाकतात, असे चित्र असलेला त्रिकोण म्हणजे पुढे अरुंद पूल. पुष्कळांना वाटते की ही पाटी आपल्याला हक्क देते. देत नाही. ती फक्त सावध करते, आणि बहुधा पुलाच्या दोन्ही टोकांना असते. आधी कोणी जायचे हे ती सांगत नाही. एका टोकाला उलटा त्रिकोण असेल तर त्या टोकाच्याने थांबायचे. तो नसेल तर साधी रीत अशी, की जो आधी पुलावर चढला तो आधी उतरेल, आणि दुसऱ्याने पूल लागण्याआधीच, घट्ट जमिनीवर थांबावे. समोरच्याने दिव्यांची उघडझाप केली तर ‘या, या’ असे समजू नका. आपल्याकडे डिपर मारणारा बहुधा ‘मी येतोय, तुम्ही थांबा’ असेच सांगत असतो.

घाटात आणि चढावर मात्र नियम स्पष्ट आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्या गाडीने बाजूला थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. याचे कारण ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगायला नको. भरलेली ट्रॉली चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, गाडी मागे सरकू लागते, आणि ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो. उतरताना गिअर काढून ‘न्यूट्रल’वर सोडण्याची सवय तर फारच वाईट. डिझेल वाचते थेंबभर, आणि गाडी हातातून जाते. आणखी एक, शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले ब्रेकचे दोन पायडल रस्त्यावर येताना खटक्याने जोडून घ्या. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

सपाट रस्त्यावर पाटी नसेल तेव्हा आपल्या बैलगाडीवाल्यांची जुनी समजूत मला पटते. मोकळ्या गाडीने भरल्या गाडीला वाट द्यावी. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताच येत नाही म्हटले तरी चालेल. जीपवाला किंवा मोटारसायकलवाला सहज मागे होऊ शकतो. साइडपट्टीवरही हलक्या गाडीनेच उतरावे. काळ्या जमिनीतली साइडपट्टी पावसाळ्यात वरून सुकलेली दिसते आणि आत लोणी असते. भरली ट्रॉली तिथे उतरली की एक चाक रुतते आणि ट्रॉली कलंडते. आता ही साइडपट्टी गेली कुठे, हेही विचारायला हवे. बांधकडेचे दोन तास जास्त मिळावेत म्हणून काहींचा नांगर दरसाल डांबरापर्यंत येतो. वर सोयाबीन आणि ज्वारी वाळवायला अर्धा रस्ता व्यापायचा. मग समोरून १०८ ची गाडी आली तर ती जाणार कुठून? रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंडाचे राहू द्या, त्या गाडीत आपल्याच वाडीवरची बाळंतीण असते.

सर्वांत घातक जागा म्हणजे गावरस्ता किंवा पाणंद मोठ्या रस्त्याला मिळते ती. तिथे पाटी असो नसो, लहान रस्त्याने येणाऱ्याने मोठ्या रस्त्यावरच्या दोन्ही बाजूंच्या गाड्यांना वाट द्यायची. सारख्याच तोलाचे दोन रस्ते मिळत असतील आणि पाटी नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे.

मोठा रस्ता ओलांडण्याचा हिशेब एकदा करून पाहा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी १५ मीटर धरा, रस्ता ७ मीटर. शेवटचे चाक पार व्हायला २२ मीटर जावे लागते. भरल्या गाडीचा उठतानाचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला तर सुमारे १६ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८० ने येणारी मोटार ३५० मीटर आलेली असते. चौकोनी एकराची एक बाजू सुमारे ६४ मीटर असते, म्हणजे साडेपाच एकरांच्या बाजू एकापुढे एक ठेवल्या तितके अंतर. तेवढा रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसत नसेल तर गाडी घालू नका. वळण असेल तर एका जाणत्या माणसाला खाली उतरवून पुढे उभे करा. रात्री ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही कडांना चमकणारी पट्टी हवीच. उसाच्या वाढ्यांनी ती झाकली जात नाही ना, हे गाडी भरल्यावर पाहा.

पाट्या चोरीला जातात हे दुःख वेगळे. मी एका वस्तीवर उलटा त्रिकोण कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून पाहिला आहे. ज्या फाट्यावरून तो काढला होता, त्याच फाट्यावरून त्या घरची मुले सायकलने शाळेत जात होती.

तुमच्या फाट्यावर किंवा पुलावर पाटी नसेल तर ग्रामसभेत ठराव करून अर्ज द्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्ता कोणता हे किलोमीटरच्या दगडावरून कळते. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. अर्जात त्या दगडावरचा आकडा आणि तिथून फाट्यापर्यंतचे अंतर जरूर लिहा, म्हणजे साहेबांना जागा शोधत फिरावे लागणार नाही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.