आवळ्याने शिशाचं विष उतरतं का?

"रोज आवळा खा, शरीरातले जड धातू धुऊन निघतील." असे मेसेज तुम्हीही वाचले असतील. आपल्या अहेरी भागात आवळा जंगलातच मिळतो, त्यामुळे हा उपाय सोपा वाटतो. यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं माहीत नसेल तर नुकसान होऊ शकतं.

आधी बघू, हे धातू येतात कुठून. दगडी कोळशात आर्सेनिक, शिसं, पारा अगदी थोड्या प्रमाणात असतात. कोळसा जळला की त्यातला बराच भाग राखेत उरतो. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र 2920 मेगावॅटचं आहे, म्हणजे राख किती होत असेल ते बघा. कधी दोष खडकाचाच असतो. गडचिरोलीला लागून असलेल्या राजनांदगाव भागात, कौडीकसा गावाच्या परिसरातल्या भूजलात आर्सेनिक असल्याचं 1999 साली प्रसिद्ध झालं. आणि कधी धातू घरातच असतो: जुनी बॅटरी फोडणं, किंवा मासे धरायच्या जाळ्यासाठी शिसं चुलीवर वितळवणं.

आता हे धातू शरीरात गेल्यावर करतात काय? पेशींमध्ये ग्लुटाथिओन नावाचा एक रेणू असतो. त्यात गंधक असतं, आणि शिसं, पारा, आर्सेनिक यांना गंधक फार आवडतं. ते ग्लुटाथिओनला जाऊन चिकटतात. हा आपला राखणदार अडकून पडला की 'मुक्त मूलकं' म्हणजे फ्री रॅडिकल्स मोकाट सुटतात आणि पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए यांची नासधूस करतात. इथं जीवनसत्त्वं कामाला येतात. 'ई' पेशीच्या तेलकट आवरणात बसून राखण करतं. ते दमलं की 'क' त्याला पुन्हा ताजंतवानं करतं. उंदरांवरच्या बऱ्याच प्रयोगांत यामुळे यकृत आणि मूत्रपिंडाची हानी कमी झालेली दिसते.

माणसांचं काय? 1999 साली 75 धूम्रपान करणाऱ्या तरुणांवर एक अभ्यास झाला. रोज 1000 मिलिग्रॅम 'क' घेणाऱ्यांच्या रक्तातलं शिसं आठवड्याभरात सुमारे 80 टक्क्यांनी उतरलं. 200 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फरक पडला नाही. आकडा मोठा आहे, पण त्या तरुणांना विषबाधा झालेलीच नव्हती. शिवाय शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. एका आठवड्यात रक्त सुधारलं म्हणजे हाडं रिकामी झाली असं नाही.

म्हणजे जीवनसत्त्व ही ढाल आहे, उतारा नव्हे. खऱ्या विषबाधेवर डॉक्टर 'किलेशन'ची औषधं देतात. ती धातूला पकडून लघवीवाटे बाहेर काढतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट महत्त्वाची. अंगात लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषून घेतं. म्हणून पंडुरोग असलेल्या लेकरांना धोका जास्त. डाळ, हिरव्या पालेभाज्या, सोबत आवळा किंवा लिंबू, आणि मूठभर शेंगदाणे, असं जेवण दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं: 'क'मुळे लोह अंगी लागतं आणि शेंगदाण्यातून 'ई' मिळतं.

पण गोळ्यांबाबत जपून. ज्या सिकलसेल रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह साठतं. जास्त लोह असताना 'क'चा मोठा डोस उलट मुक्त मूलकं वाढवू शकतो. अशा घरात डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या आणू नका. जेवणातला आवळा वेगळा, गोळी वेगळी.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी धातू येण्याची वाट बंद करा: शिसं घराबाहेर, मुलांपासून आणि चुलीपासून लांब ठेवा. आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नसतं, पाणी उकळूनही ते जात नाही. म्हणून हातपंपाचं पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. शंका असेल तर रक्ताची तपासणी करा. आणि आवळा? तो खा, रोज खा. फक्त त्याच्या भरवशावर बॅटरी फोडू नका.