मूठभर वाळू आणि मेलेला शंख

शिरूर आणि दौंड तालुक्यांना समुद्र नाही. घोड, कुकडी आणि भीमा आहेत. त्यामुळे इथे कुणी घरात फिश टँक मांडला की तळाची वाळू आणि गोटे नदीतून येतात, आणि शंख-शिंपले अलिबाग, काशिद किंवा दापोलीच्या सहलीतून. या गोळा करण्याबद्दल दोन गैरसमज पक्के रुजलेले आहेत. पहिला असा, की सध्या वाळूवर एवढी करडी नजर आहे की नदीतून डबाभर वाळू आणली तरी तलाठी दारात येईल. दुसरा असा, की किनाऱ्यावर पडलेला रिकामा शंख म्हणजे मेलेली वस्तू, ती कुणीही उचलावी. जिथे भीती वाटते तिथे धोका जवळपास नाही आणि जिथे माणूस निर्धास्त असतो तिथे मात्र तुरुंगाची तरतूद आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी नदी. नदीचं पात्र कुणाचंच नाही, ही समजूत चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 20 प्रमाणे, दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध नसेल तर नद्या आणि त्यांची पात्रं राज्य सरकारच्या मालकीची असतात. खनिजांवरचा सरकारचा हक्क कलम 48 सांगतं. वाळू, गोटे, मुरूम ही सगळी गौण खनिजं. विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहनही जप्त होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, की नदीतली वाळू विनापरवाना नेणं हा खनिज कायद्याखालचा गुन्हा आहेच, शिवाय ती चोरीही ठरू शकते. ‘फिश टँकसाठी नेली’ अशी वेगळी सवलत या कलमांत नाही. पण हिशोब करून पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत दोन इंच थर द्यायचा तर वाळू लागते एक तृतीयांश घनफूट. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे ही झाली एका ब्रासचा तीनशेवा भाग. 2023च्या वाळू धोरणात सरकारी डेपोतला दर ब्रासला 600 रुपये ठरला होता. त्या दराने या वाळूची किंमत दोन रुपये. समजूतदार माणूस तक्रार करणार नाही इतकं क्षुल्लक नुकसान गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व जुन्या दंड संहितेच्या कलम 95मध्ये होतं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 33मध्ये आहे. म्हणजे मुठीला परवानगी आहे असं नाही, पण तिच्यामागे पोलीस लागावेत असाही कायद्याचा हेतू नाही. पोतं भरलं, पिकअप आणली, आणलेली वाळू विकली, की हा आधार सुटतो.

यावर एक रास्त हरकत येते. भीमेच्या पात्रात रात्री सक्शन बोटी चालतात, महसूल पथकं त्या फोडतात, काही दिवसांत दुसऱ्या उभ्या राहतात. मग मुठीचा कायदा कशाला सांगायचा? हरकत खरी आहे, पण तिच्यातूनच नियमाचं कारण कळतं. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना ते मिळत राहतं. वाळू गेली की पात्र खोल जातं, काठ ढासळतात. म्हणूनच 2012मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातल्या गौण खनिज उपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. लहान लहान तुकडे पाडून मोठा उपसा लपवला जातो, ही त्यामागची चिंता होती. टाकीची वाळू या चिंतेत मोडत नाही. मात्र कुकडीवरच्या रांजणखळग्यांत, म्हणजे निघोज आणि शिरूरच्या बाजूचं टाकळी हाजी यांच्यामध्ये, गोट्यांना हात न लावलेला बरा. पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या अशाच गोट्यांनी तिथला बेसॉल्ट कोरला आहे. खळग्यातला गोटा म्हणजे त्या कामाचं हत्यार.

आता शंख. इथे मोजमापाचा प्रश्नच उरत नाही, प्रश्न जातीचा आहे. 2001मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये प्रवाळ, समुद्रपंखे आणि नॉटिलस, ट्रायटन, महाकाय शिंपल्याच्या काही जाती अशा मृदुकाय प्राण्यांची भर पडली. 2022च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली आणि ती 1 एप्रिल 2023पासून लागू झाली. अनुसूची 1मधल्या जातीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. ‘पण तो मेलेला होता’ हा बचाव इथे लंगडा पडतो, कारण कायद्यातल्या ‘ट्रॉफी’च्या व्याख्येतच हाड, कवच आणि शिंपला यांचा उल्लेख आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकले जाणारे प्रवाळाचे तुकडे, आणि भिंतीवर लावायला ‘इंद्रजाल’ म्हणून विकला जाणारा वाळलेला समुद्रपंखा, हे दोन्ही त्याच कक्षेत येऊ शकतात. दुकानाचं बिल हा परवाना नव्हे. उलट्या बाजूचा अतिरेकही नको: खायच्या शिंपल्यांची, म्हणजे तिसऱ्यांची, टरफलं या अनुसूचीत नाहीत आणि ती बाळगणाऱ्याला वन्यजीव कायद्याची भीती नाही. खडक आणि वाळूचं वेगळं. किनारपट्टी नियमन क्षेत्रात त्यांचं खाणकाम मनाई आहे.

रिकाम्या टरफलाने कुणाचं काय बिघडतं, असंही विचारलं जातं. संन्यासी खेकडा त्यात घर करतो आणि उरलेलं झिजून पुन्हा वाळू होतं. स्पेनमधल्या सालोऊच्या किनाऱ्याचा अभ्यास 2014मध्ये प्रसिद्ध झाला. तीस वर्षांत पर्यटक सुमारे तिप्पट झाले आणि टरफलं साठ टक्क्यांहून अधिक घटली. अर्थात घट पर्यटकांच्या खिशांमुळेच झाली, हे एवढ्या आकड्यांनी सिद्ध होत नाही. किनारा यंत्राने साफ केला तरी टरफलं जातात. पण ‘माझ्या एकट्याने काय होणार’ या उत्तराचा जोर त्यातून नक्की कमी होतो.

घोडकाठच्यांसाठी आणखी एक गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उत्खनन करून काढली. तिथल्या लोकांची पाती गारगोटीसारख्या दगडांची होती, आणि दगडाचे असे छिलके दिसायला शोभिवंत असतात. शंभर वर्षांहून जुनी मानवनिर्मित वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसते. शिवाय ती उचलली की कुठे आणि कोणत्या थरात होती, ही माहिती जाते. धारदार, एकसारख्या कडांचा तुकडा दिसला तर जागेवर राहू द्यावा.

टाकीच्या दृष्टीने पाहिलं तर हा सगळा खटाटोप बहुधा अनावश्यकच असतो. शिंपला चुनखडीचा असल्याने पाणी जड करतो, पीएच वाढवतो. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांना ते मानवत नाही. नदीकाठचे पांढरट चुनखडे तेच करतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस येतो का पाहावं; आला तर तो टाकीत घालू नये. काळ्या बेसॉल्टला सहसा फेस येत नाही, आणि त्याची बारीक, धुतलेली खडी क्रशरवरून पावतीसह मिळते.