आधी कापूस, मग सामना

वाचकहो, ऐन वेचणीचे दिवस आहेत अशी कल्पना करा. बोंडे फुटून शेत पांढरे झाले आहे, माणूसबळ कमी पडते आहे, आणि शाळेचे मास्तर येऊन म्हणतात, "तुमची मुले सामन्याला पाठवा." तुम्ही काय उत्तर द्याल?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील एका शेतकऱ्याने तेच उत्तर दिले. मुले त्याने शेतावर ठेवून घेतली. मास्तरांनी त्यावर तोड काढली. सगळा संघ घेऊन ते त्या शेतात उतरले आणि सर्वांनी मिळून कापूस वेचून दिला. मग मुले मोकळी झाली, सामना खेळली आणि संघाने अजिंक्यपद मिळवले.

या मास्तरांचे नाव एडी रॉबिन्सन. कापूस वेचणे म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. १९१९ साली त्यांचा जन्म झाला तो वाट्याने कापसाची शेती करणाऱ्या बापाच्या घरी. आई दुसऱ्यांच्या घरची कामे करी. घरात शाळा पुरी करणारे हेच पहिले. कॉलेज झाल्यावरही पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर त्यांनी काम केले.

त्या काळी तिकडे काळ्या मुलांना गोऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश नव्हता. म्हणून ग्रॅम्बलिंग येथे काळ्या शेतकऱ्यांनी पुढाकार घेऊन १९०१ साली शाळा उभी केली होती. तिचेच पुढे कॉलेज झाले. १९४१ साली रॉबिन्सन तेथे फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट.

हा फुटबॉल आपल्याकडच्यासारखा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, फेकायचे, आणि समोरच्याने त्याला आडवे पाडायचे, असा हा अंगमेहनतीचा खेळ. रॉबिन्सनना हाताखाली माणूस नव्हता. मैदानाचे गवत तेच कापत, रेघा तेच आखत, मुलांच्या दुखऱ्या घोट्यांना पट्ट्या तेच बांधत आणि सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला तेच धाडत. पहिल्या वर्षी ८ पैकी ५ सामने हरले. दुसऱ्या वर्षी मात्र नऊच्या नऊ सामने जिंकले आणि समोरच्यांना एकही गुण मिळू दिला नाही.

त्यांची एक सवय सर्वांच्या लक्षात राहिली. गाईच्या गळ्यात बांधतात तशी घंटा घेऊन ते भल्या सकाळी वसतिगृहात फिरत आणि मुलांना उठवत. मैदानासाठी नव्हे, तर वर्गात वेळेवर जाण्यासाठी! खेळ चार दिवसांचा, शिक्षण जन्माचे, ही त्यांची धारणा होती.

त्यांचे दोनशेहून अधिक विद्यार्थी पुढे धंदेवाईक संघांत गेले. डाव रचण्याची मुख्य जागा काळ्या खेळाडूला झेपणार नाही, असे गोरे मालक समजत. रॉबिन्सन यांचा शिष्य डग विल्यम्स याने जानेवारी १९८८ मध्ये त्याच जागी खेळून वॉशिंग्टनच्या संघाला देशातले सर्वोच्च अजिंक्यपद मिळवून दिले.

अखेरची वर्षे कडू गेली. संघ हरू लागला, "म्हातारबांनी आता जावे" अशी कुजबुज सुरू झाली. १९९७ साली ते निवृत्त झाले तेव्हा नावावर ४०८ विजय होते. तोवर कॉलेजच्या कोणत्याही प्रशिक्षकाला हा आकडा गाठता आला नव्हता. पुढे स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठले. ३ एप्रिल २००७ रोजी ते वारले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्यांचा देह राज्याच्या विधानभवनात ठेवला होता. जन्मभर एकच नोकरी आणि एकच संसार त्यांनी केला.

मंडळी, आपल्याही गावात वेचणीच्या दिवसांत शाळेची बाके रिकामी पडतात. बापाची अडचण खरी असते आणि मुलाचे नुकसानही खरे असते. रॉबिन्सन मास्तरांनी बापाला दोष दिला नाही, त्याच्या कामाला हात लावला. असे मास्तर दारात आले, तर मुलाला अडवू नका. आणि मास्तर नाही आले, तर शेजारच्या मुलाची शाळा बुडू नये म्हणून त्यांच्या दोन ओळी आपणच वेचून द्यायला काय हरकत आहे?