पाण्याचा वापर घटला, पण कशामुळे?

घरगुती पाण्याच्या धोरणावर संशोधन करायचं म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच आराखडा येतो: मीटरप्रमाणे बिल सुरू होण्याआधीचा वापर, नंतरचा वापर आणि वजाबाकी. वजाबाकी बरोबर येते, पण निष्कर्ष चुकू शकतो.

लातूर आठवा. एप्रिल 2016 मध्ये तिथे मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा वेळी वापर घटतो तो नळालाच पाणी नसतं म्हणून. पुरवठा तुटणं म्हणजे मागणी कमी होणं नव्हे.

कराडजवळच्या मलकापुरात वेगळा पेच आहे. तिथे चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर आणि वापरानुसार चढता दर, हे सगळं एकाच योजनेत आलं. नळ कधीही सोडता आला की साठवण्याची गरज संपते, शिळं म्हणून पाणी ओतणंही थांबतं. मग बचत कशाची मानायची? दराची, सवय बदलल्याची, की नव्या पाइपांतली गळती कमी झाल्याची?

इथे तुलनेचा गट लागतो. समजा, आमच्या म्हसावदजवळच्या शहादा शहरात तुम्ही दोन वॉर्ड निवडले. मीटर दोन्हीकडे बसवा, नाहीतर मोजणार काय? रीडिंगप्रमाणे बिल मात्र फक्त ‘अ’ वॉर्डात. ‘ब’ मध्ये ठोक पाणीपट्टीच ठेवा. काल्पनिक आकडे घेऊ. मे ते ऑगस्टमध्ये ‘अ’चा दरडोई रोजचा वापर 130 वरून 100 लिटरवर आला, ‘ब’चा 125 वरून 115 वर. ‘ब’मधली 10 लिटरची घट कूलर बंद झाल्याची. म्हणजे बिलाचा परिणाम 30 नाही, 20 लिटर. यालाच ‘डिफरन्स-इन-डिफरन्सेस’ म्हणतात.

यामागे एक गृहीतक आहे: बिल बदललं नसतं तर दोन्ही वॉर्डांतला वापर सारखाच हलला असता. म्हणून आधीच्या काही महिन्यांची रीडिंग जमवून ते तपासा.

शेवटी दोन प्रश्न विसरू नका. लोक बोअरवेल किंवा टँकरकडे वळले का? तसं असेल तर मीटरवर बचत दिसते, जमिनीखालचा उपसा वाढतो. आणि बचत केली कोणी? शहरांसाठी 135 लिटरचा निकष धरतात. बिलाच्या धास्तीने 60 लिटर वापरणारं घर 45 वर आलं, तर सरासरी सुधारते, पण त्या घरावर अन्याय होतो. सरासरीसोबत घरनिहाय आकडेही मांडा.